पाणी उकळेपर्यंत: राग, क्रौर्य आणि मैत्रीभावना

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे पावणेसहा वाजले होते. दुधाच्या पिशव्या आणायला मी खाली उतरले, तर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पार्किंगमध्ये उभे. हातात सांडशीने धरलेलं पातेलं, पातेल्यातून वाफा. मला वाटलं, गाडीची काच धुवायला गरम पाणी आणलं असेल. त्यांनी ते पातेलं माझ्या स्कूटरशेजारी वेटोळं करून झोपलेल्या चिंगीच्या पाठीवर उपडं केलं आणि लिफ्टने वर निघून गेले.

चिंगी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. एक कान फाटका, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती कशी ओरडली ते लिहीत नाही. ओल्या, भाजलेल्या केसांचा वास मात्र दिवसभर नाकातून गेला नाही.

आता माझी गंमत ऐका. स्वारगेटच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी रोज सकाळी वीस मिनिटं मैत्रीभावना करते. ‘सर्व प्राणी सुखी होवोत’ हे वाक्य काही हजार वेळा तरी म्हटलं असेल. त्या सकाळी लिफ्टच्या बंद दाराकडे बघून माझ्या तोंडून निघालं, “तुझ्याच अंगावर ओतायला हवं हे!” एरवी ज्यांना मी ‘अहो’ म्हणते, त्यांना एका क्षणात ‘तू’वर आणलं.

रविवारी आम्ही चार-सहा जण एका निवृत्त प्राध्यापकांकडे पाली वाचायला जातो. त्यांना विचारलं, “सर, ही मैत्री फक्त चांगल्या माणसांपुरतीच असते का हो?” सरांनी उलट विचारलं, “पाणी त्यांनी कुठे उकळलं?” मी म्हटलं, “घरी, गॅसवर. आणखी कुठे?” “म्हणजे पाच-सात मिनिटं लागली असतील. मग लिफ्ट. मग पार्किंग. तुम्ही याला राग म्हणताय?”

हा प्रश्न मला सहा वर्षांत पडला नव्हता. राग भडकतो. क्रौर्य पाणी उकळेपर्यंत थांबू शकतं.

बौद्ध विचारात ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला, अगदी वैद्यासारखं सांगतात: मैत्री वाढव, तिने व्यापाद जाईल, करुणा वाढव, तिने विहिंसा जाईल. व्यापाद म्हणजे द्वेष, कुणाचं तरी वाईट व्हावं ही मनातली आच. विहिंसा म्हणजे दुसऱ्याला दुखवण्याची वृत्ती, दुसऱ्याच्या वेदनेत मिळणारं समाधान. पुढे मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद, आणि उपेक्षा, म्हणजे दुर्लक्ष नव्हे तर मनाची समता, येतात. या चौघांना मिळून ब्रह्मविहार म्हणतात. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच चार नावं याच क्रमाने आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ती अनोळखी नाहीत.

घोटाळा होतो तो पहिल्याच शब्दावर. पालीत मेत्ता, आपल्याकडे मैत्री. आपण मैत्री म्हटलं की कट्टा, चहा, एकमेकांच्या घरी जाणं. त्या मैत्रीला दोघं लागतात आणि दोघांना एकमेकांचा सहवास आवडावा लागतो. मेत्ताला समोरच्याची संमती लागत नाही. तो आवडावाही लागत नाही. त्याचं हित व्हावं, एवढी इच्छा पुरते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशात पसायदान मागितलं, त्यात हाच अर्थ आहे: ‘भूतां परस्परे पडो मैत्र जीवाचें’. आणि त्याच्या आधीची ओळ तर आमच्या पार्किंगसाठीच लिहिल्यासारखी: ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ मरो, खळाला धडा मिळो असं नाही. त्याच्या मनाचा वाकडेपणा गळून पडो. ‘ते गृहस्थ सुखी होवोत’ याचा अर्थ त्यांनी आनंदाने रोज पातेली ओतावीत असा होतच नाही. ज्याच्या मनात खरोखर सुख आहे, तो थंडीत पहाटे उठून कुत्र्यासाठी गॅस पेटवणार नाही.

हे कळलं तरी वळेल असं नाही. त्यासाठी पद्धत लागते, आणि ती फार बारकाईने लिहून ठेवलेली आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला. त्याचं नववं प्रकरण ब्रह्मविहारांवर आहे. या ग्रंथाचं आणि पुण्याचं एक नातं आहे. धर्मानंद कोसंबी गोव्यातून निघाले ते संस्कृत शिकायला पुण्यात आले, पुढे श्रीलंकेत जाऊन बौद्ध दीक्षा घेतली, आणि १९१२ पासून काही वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनीच सिद्ध केली. आमचे सर तीच वापरतात. पानं इतकी पिवळी पडलीत की आम्हाला उलटू देत नाहीत.

त्या प्रकरणातली पहिली सूचना वाचून मी ओशाळले. सुरुवात शत्रूपासून करू नये. मी सहा दिवस नेमकं तेच करत होते. डोळे मिटायचे, त्या गृहस्थांचा चेहरा समोर आणायचा आणि दात आवळून म्हणायचं, ‘सुखी व्हा’. पहिल्याच रविवारी पाठीवर सिलिंडर घेऊन सिंहगड चढायला निघाल्यासारखं. शिबिरातही मैत्री दहाव्या दिवशी शिकवतात, त्याआधीचे नऊ दिवस श्वास आणि संवेदना बघण्यात जातात, हे मी सोयीस्कर विसरले होते.

क्रम असा: आधी स्वतः, मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असं कुणी, मग जिवलग, मग तटस्थ माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. स्वतःसाठीचे शब्द साधे आहेत: मी वैरमुक्त असो, द्वेषमुक्त असो, क्लेशमुक्त असो, सुखाने स्वतःला सांभाळो. पुष्कळांना इथेच संकोच वाटतो. आपल्याकडे स्वतःसाठी काही मागणं म्हणजे स्वार्थ. पण ग्रंथकाराचा हेतू वेगळा आहे. स्वतःला इथे साक्षीदार म्हणून उभं केलंय. मला सुख हवं, दुःख नको, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग दुसऱ्यालाही तेच हवं असणार, हे त्या साक्षीवरून ताडायचं.

माझ्या मते सगळी मेहनत तटस्थ माणसावर करावी. ना आवडता, ना नावडता असा कुणी. मी आमच्या गेटवरचा रात्रपाळीचा वॉचमन निवडला. तीन आठवडे रोज. पहिल्या दिवशी लक्षात आलं की मला त्याचा चेहराच आठवत नाही. दोन वर्षं मी फक्त त्याची टोपी बघत होते. मग बसमध्ये सराव सुरू केला. (पीएमपीएमएल झाली तरी आम्ही तिला पीएमटीच म्हणतो.) स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने घरी येताना पुढच्या सीटवरच्या डोक्याकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, सुखी असा. ते डोकं वळून बघत नाही, आभार मानत नाही, काही नाही. ज्या मैत्रीतून आपल्याला परत काहीच मिळत नाही, ती करायची सवय इथे लागते. शत्रूपाशी तीच लागणार असते.

यात आणखी एक फसगत आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला दोन वैरी सांगितलेत, एक लांब डोंगरात लपलेला आणि एक शेजारी राहणारा. मैत्रीचा लांबचा वैरी द्वेष; तो ओळखू येतो. शेजारचा वैरी आसक्ती, आणि तो हुबेहूब मैत्रीसारखाच दिसतो. चिंगीवर माझी मैत्री आहे असं मी समजत होते. नीट बघितलं तर त्यात ‘आमची चिंगी’ आणि ‘सोसायटीत कुत्र्यांचं बघणारी मीच’ असा बराच ऐवज निघाला. उपेक्षेचाही शेजारचा वैरी आहे: अज्ञानातून आलेली बेपर्वाई. त्या सकाळी दोन गॅलऱ्यांमधून माणसं खाली बघत होती. ओरडा थांबल्यावर दोन्ही दारं लागली. आपण बरं, आपलं काम बरं. याला समता समजणारे पुण्यात पैशाला पासरी सापडतील.

आता वैरी. इथे बुद्धघोष एखाद्या अनुभवी मास्तरासारखा वागतो. मैत्री जमत नाही ना? मग हे करून बघ, नाहीतर ते. मागच्या माणसाकडे परत जा, मन ओलं कर, पुन्हा ये. नाही? त्याचं एखादं वागणं तरी चांगलं असेल, फक्त तेवढंच आठव. मी फार शोधलं. एवढंच सापडलं की हे गृहस्थ लिफ्टचं दार दुसऱ्यासाठी धरून ठेवतात. ठीक, लिफ्टचं दार तर लिफ्टचं दार. ग्रंथ म्हणतो, अजिबात काहीच सापडलं नाही तर त्याची कीव कर, कारण हा माणूस पुढे काय काय भोगणार आहे याचा विचार कर. तेही नाही जमत? मग स्वतःला विचार, तू नक्की कशावर चिडली आहेस? त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. पण रात्री दोन वाजता, राग छातीवर बसलेला असताना, ‘नखांवर का?’ हा प्रश्न खरंच काम करतो. ज्याच्यावर चिडायचं तो ‘तो’ हाती लागत नाही. शेवटचा उपाय म्हणजे त्याला काहीतरी भेट द्यायची. दिवाळीत फराळाचं ताट न्यावं असं मनात आलं होतं. नेलं नाही. कबूल करते.

त्याच प्रकरणात रागावणाऱ्याला दिलेली उपमा सगळ्यात जिव्हारी लागणारी आहे: दुसऱ्याला मारायला निखारा उचलणारा आधी स्वतःचाच हात भाजतो. रात्री दोन वाजता मी काय करत होते? त्यांच्या गाडीचं टायर, त्यांच्या दाराबाहेरच्या कुंड्या, सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर कुठली वाक्यं बोलायची. एकेक वाक्य घासूनपुसून. म्हणजे माझ्याही घरात गॅस पेटलेला होता आणि पाण्याला आधण आलं होतं. त्या सकाळी तोंडून निघाला तो राग. या रात्रीच्या बेतांना विहिंसा हा शब्द लागतो, आणि ती तिसऱ्या मजल्यावर नव्हती, चौथ्यावर होती.

बुद्धांनी सांगितलेली वेदेहिकेची गोष्ट मला त्या रात्री आठवली. श्रावस्तीत वेदेहिका नावाची एक गृहिणी होती, शांत आणि मवाळ म्हणून गावभर नाव. तिची दासी काली मोठी कामसू. कालीला वाटलं, बाईसाहेबांना राग येतच नाही, की माझं काम चोख म्हणून दिसत नाही? बघू तरी. एक दिवस उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठी. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर, बोलणी. तिसऱ्या दिवशी बाईंनी दाराची खीळ उचलून तिच्या डोक्यात घातली. रक्ताने माखलेलं डोकं घेऊन काली शेजाऱ्यांना सांगत सुटली, बघा हो, मवाळ बाईंचं काम! सहा वर्षं माझी मैत्रीभावना बिनखोट चालली, कारण सहा वर्षांत कुणी उशिरा उठलं नव्हतं.

अपमान आणि क्रौर्य यांच्या टोकाला उभं राहिलेला एक माणूस तर आपल्याच मुलखातला आहे. पुण्ण हा बुद्धांचा शिष्य, सूनापरान्त देशाचा. परंपरा हा देश अपरान्ताशी, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या परिसराशी जोडते, जिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. पुण्ण बुद्धांना म्हणतो, मी परत तिकडे जातो. बुद्ध म्हणतात, तिकडची माणसं तापट आणि कठोर आहेत. शिव्या देतील, मग? “मी म्हणेन, फार भली माणसं, हात नाही उगारला.” हात उगारला तर? “भली माणसं, ढेकळं नाही मारली.” ढेकळं मारली तर? काठी नाही घातली. काठी घातली तर? शस्त्र नाही चालवलं. शस्त्र चालवलं तर? जीव नाही घेतला. आणि जीव घेतला तर? त्यालाही त्याच्याकडे उत्तर आहे. बुद्ध म्हणतात, जा, तू तिथे राहू शकशील. त्या पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या शिकवणीने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तयार झाल्या, असं ही गोष्ट सांगणारं सुत्त, म्हणजे बुद्धांचं प्रवचन, सांगतं.

ही गोष्ट फार सुंदर आहे आणि चुकीच्या माणसाला सांगितली तर फार घातक आहे. पुण्ण भिक्खू होता, त्याने स्वतः निवडलं होतं, आणि कुठे जातोय ते त्याला ठाऊक होतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला पुण्णाची गोष्ट सांगणं हे आणखी एक क्रौर्य आहे. तिला सांगायचा आहे तो ११२ किंवा १८१ हा नंबर, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे हे. विसुद्धिमग्गातलं दरोडेखोरांचं उदाहरण इथे मला पुण्णापेक्षा उपयोगी वाटतं. तुम्ही, तुमचा जिवलग, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसलात. दरोडेखोर आले, म्हणाले, बळी द्यायला एक जण द्या. ‘याला न्या’ म्हणालात तर मैत्री पुरी झाली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या, यांना सोडा’ म्हणालात तरीही पुरी झाली नाही! कारण चौघांतल्या एकाचं वाईट व्हावं असं तुम्ही म्हणालातच, तो एक तुम्ही स्वतः असलात म्हणून काय झालं? चौघांतला एकही देण्यासारखा दिसत नाही, तेव्हा आपला-परका ही सीमा मोडली. मैत्री म्हणजे पायपुसणं होणं, असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण ऐकवते.

मग करायचं काय? मला वाटतं याचं उत्तर आपल्याकडे एका माणसाने बौद्ध होण्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, माणसं रक्तबंबाळ झाली. उलटा हात उगारायला तयार असलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरलं. आणि प्रकरण सोडूनही दिलं नाही. हल्लेखोरांवर खटला चालला, शिक्षा झाली. तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये जिंकला. दहा वर्षं. त्यांनी तेव्हा याला मैत्री म्हटलं नसेल, मीही तसा दावा करत नाही. पण २५ डिसेंबर १९५४ ला पुण्याजवळ देहूरोडच्या विहारात त्यांनी ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती बसवली, तिच्यासमोर बसलं की मला हटकून महाड आठवतं.

मी तक्रार लिहिली. पहिल्या मसुद्यात ‘राक्षसी’, ‘विकृत’ आणि ‘लाज वाटायला हवी’ होतं. सर म्हणाले, बुद्धांची कसोटी लावा: खरं आहे का, हिताचं आहे का, वेळ आहे का. गोड असलंच पाहिजे असं नाही. बाळाने तोंडात खडा घातला तर रक्त आलं तरी बोट घालून काढतातच. दुसऱ्या मसुद्यात विशेषणं गेली, पण ‘नेहमीप्रमाणे’ राहिलं होतं. मी तर त्यांना एकदाच बघितलं होतं. तिसऱ्यात उरलं ते असं: अमुक तारखेला सकाळी पावणेसहाच्या सुमारास, पार्किंगमध्ये, पातेल्यातलं उकळतं पाणी, झोपलेल्या कुत्रीच्या पाठीवर, मी स्वतः पाहिलं. सहा ओळी. वाचताना माझा आवाज कापला नाही.

चौकीतल्या हवालदारांनी अर्ज घेतला आणि मलाच समजावलं, “ताई, प्राण्यांचा कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती ठाऊक आहे? दहा ते पन्नास रुपये.” कुत्री कायमची जायबंदी झाली असती तर भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण चिंगीची पाठ दीड महिन्यात भरून आली. गृहस्थांना बोलावून समज दिली. तिथे कळलं की चिंगी आदल्या आठवड्यात त्यांच्या नातीच्या सायकलमागे धावली होती आणि पोर पडून गुडघे फुटले होते. कारण कळलं म्हणून कृत्य लहान होत नाही. पण निखारा उचलून माझ्याआधी कुणीतरी हात भाजून घेतलेला होता, एवढं दिसलं. नातीच्या गुडघ्यांचं काय झालं, हे विचारायला मला तीन महिने लागले.

चिंगीच्या पाठीवर आता तळहाताएवढा गुलाबी पट्टा आहे, तिथे केस आले नाहीत. ती स्कूटरशेजारी झोपत नाही, वॉचमनच्या खुर्चीखाली झोपते.

परवा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी लिफ्टकडे आले, तर आत ते. दार धरून उभे. “चौथा ना?” म्हणून बटण दाबलं. पहिला मजला गेला तेव्हा मी केसांवर होते. दुसऱ्यापर्यंत नखांवर. तिसऱ्यावर ते उतरले. तेवढ्यात ‘सुखी असा’ म्हणायचं राहूनच गेलं, ते मी चौथ्यावर कुलूप उघडताना म्हटलं.